नखाला लागणारी खूण

खंडेनवमीला आमच्या शेळगावच्या घरात पाटावर काय मांडलंय ते पाहिलं, की या घरातलं कोण काय करतं ते नवख्या माणसालाही कळलं असतं. उजव्या अंगाला आबांची लोकर कातरायची कातर असायची. मेंढरं विकून किती दिवस झाले होते, तरी कातरीचा मान गेला नव्हता. तिच्याशेजारी आईचा विळा आणि खुरपं, मधोमध गाडीची किल्ली. कडेला माझी शाळेची पुस्तकं. आई पुस्तकांवर इतकी हळद वाहायची, की माझा भूगोल वर्षभर पिवळा असायचा. पुस्तकांचा मला राग नव्हता, मार्कही बरे पडत होते. पण पाटावरची ती कडेची जागा मला कधी आपली वाटली नाही. आपलं काही तिथं ठेवायचं असेल तर ते लोखंडाचं असावं असं मला फार वाटायचं.

आबांनी मेंढरं विकली तेव्हा मी लहान होते. रानं उसाखाली गेली, चारणीला जागा उरली नाही, आणि पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायची हौसही त्यांची फिटली होती. मेंढरं गेली आणि त्यांच्या जागी दारात एक जुनी पांढरी व्हॅन आली. आबा इंदापूर-बारामती वडाप करायला लागले. वडाप म्हणजे एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं गाडीत बसतील तितकी बसवायची आणि पोचवायची. धंदा बदलला, माणूस काही बदलला नाही. उतारू बसले की आबा त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवत मोजणी करायचे. कुणी चहाच्या गाड्यावर रेंगाळला तर जिभेनं 'ट्रर्र, ट्रर्र' असा मेंढरांना हाकायचा आवाज काढायचे, आणि तो माणूसही निमूट येऊन बसायचा. व्हॅन कायम लिंबाच्या सावलीत लावायची, कारण उन्हात तिला धाप लागते असं त्यांचं म्हणणं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली होतं. तिथं बसणाऱ्याचं बूड चांगलंच शेकायचं, म्हणून ती जागा आग्रह करकरून पाहुण्यांना द्यायची असा आमच्याकडं रिवाज होता.

अकरावीला मी बारामतीला मामाकडं राहायला गेले. आईचा हा धाकटा भाऊ, दिगूमामा. इंदापूर रस्त्याला त्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागंच घर. सकाळी मला जाग यायची ती मामीच्या खलबत्त्यानं आणि मामाच्या हातोडीनं, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले. मामी शेंगदाण्याची आमटी अशी करायची की तिच्यावरचा तेलाचा तवंग बघून मामा म्हणायचा, "ह्यात एक बेअरिंग बुडवून काढलं तर वर्षभर वाजणार न्हाय." मामी लगेच त्याच्या ताटातली भाकरी उचलायची. कॉलेज सुटलं की मी मामाचा डबा घेऊन गॅरेजात जायची. लोकांना वाटायचं, भाची डबा द्यायला येते. सुरुवातीला ते खरंही होतं. पुढं पुढं डबा मामी स्वतः आणून द्यायची आणि माझ्या हातात पाना असायचा. मामानं कधी 'ये, शिकवतो' म्हटलं नाही आणि 'जा' असंही म्हटलं नाही. एक दिवस त्याच्या जुन्या शर्टाच्या बाह्या मामीनं माझ्या मापानं कापून दिल्या, तेव्हा मी समजले.

सगळ्या कामांत मला आवडायचं ते पट्टा बसवायचं काम. आता माझ्याकडं काम शिकायला येणारी पोरं फोनवर बघून पट्टा बसवतात आणि मला म्हणतात, मॅडम, त्यात काय एवढं. काही नाही खरंच. इंजिनात खाली एक दातेरी चाक असतं, ते पिस्टनशी जोडलेलं. वर एक दातेरी चाक असतं, ते झडपांशी. पिस्टन वर आला की झडपेनं दार लावून मागं सरलेलं असावं लागतं, नाहीतर दोघांची टक्कर होते आणि झडप वाकते. एक रबरी पट्टा या दोन चाकांचा मेळ राखतो. जुना पट्टा उतरवायच्या आधी वरच्या चाकावरची खूण वरच्या खाचेसमोर आणायची, खालच्या चाकावरची खालच्या खाचेसमोर, आणि त्या खुणा तिथंच राखून नवा पट्टा चढवायचा. ही खूण म्हणजे कारखान्यातच लोखंडात ठोकलेला मोहरीएवढा खळगा. तेलकाटात तो दिसायचा नाही, म्हणून मामा खराट्याच्या काडीनं त्यात लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. आणि पट्टा बसला, की किल्लीनं सेल मारायच्या आधी खालच्या चाकाला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघायचं, हा त्याचा नेम. "सेलला काय कळतंय," तो म्हणायचा, "त्यो बॅटरीच्या जोरावर फिरवतोय. हाताला कळतं. हात अडला का थांबायचं, मग कुणी का सांगंना."

बारावीचं वर्ष लागलं तसा घरात डीएडचा विषय निघाला. त्या वर्षांत आमच्या भागातली जी मुलगी बरे मार्क मिळवील ती डीएड करायची आणि मास्तरीण व्हायची. नवरात्राच्या सुट्टीत मी घरी आले होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, आबा जेवायला बसले होते. मी मनाचा हिय्या करून सांगितलं, की मला इंदापूरच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचंय.

आईचा हात परातीतच थांबला. "पोरींचं असतंय व्हय तसलं?"

"मामानं चौकशी केलीय. पोरींना कुणी न्हाय म्हणत न्हाय तितं."

"पोरी मागतच न्हाईत, मग न्हाय म्हणायचं कुणाला?" आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आबा ताटात बघून जेवत राहिले. मेंढरू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकापुढंही ते असेच दुसरीकडं बघायचे असं आई सांगायची. हात धुवून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, दिगू म्हणत हुता गाडीचा पट्टा चिरलाय. दसऱ्याला आपली गजी बारामतीला न्यायचीय. त्यो पट्टा तू चढीव. दिगूनं जवळ बसावं, पर हात लावायचा न्हाय. गाडी गेली तर तुझी आयटीआय. न्हाय गेली तर डीएड, आन् मग कुरकुर करायची न्हाय."

गजी हा आमचा धनगरांचा नाच. पांढरे अंगरखे घातलेले गडी, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा. गावात दर दसऱ्याला व्हायचीच, पण त्या वर्षी पहिल्यांदा बारामतीहून बोलावणं आलं होतं. ढोलाचे मानकरी तुकातात्या. त्यांचे गुडघे धरले होते, एसटीत ढोल घेऊ देत नाहीत, म्हणजे ढोल आणि तात्या दोघांनाही व्हॅनच हवी होती. माझी आयटीआय आणि तात्यांचा ढोल असे एका पट्ट्याला लटकले.

नवमीच्या दुपारी मामा नवा पट्टा घेऊन आला. लिंबाखाली व्हॅनची पुढची सीट उचलून मी पत्रा खोलला, दोन्ही खुणा खाचांसमोर आणल्या, लाल ठिपके दिले आणि जुना पट्टा उतरवला. तो खरंच चिरत आला होता. नवा चढवायला हातात घेते तोच आईची हाक आली, "हत्यारं आणा गं पुजेला!" आता खंडेनवमीला हत्यार एकदा पूजेला लागलं, की दसऱ्याच्या सकाळी पाट हलेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. मी आईला म्हटलं, थोडं थांब. आई म्हणाली, देव थांबतोय व्हय. मामानं पाने धुऊन पाटावर नेऊन ठेवले. आईनं माझ्या हातातला नवा पट्टाही घेतला, पाटावर गोल मांडला आणि त्याच्या मधोमध नारळ ठेवला. घटावर कडाकण्या टांगलेल्या, तळणीचा वास घरभर, आणि दारात माझं इंजिन उघडं पडलेलं. मला तिनं झेंडूची फुलं आणायला मळ्यात पिटाळलं. परत आले तोवर व्हॅनला हार घालायचा तेवढा राहिला होता, चाकांना हळदीची बोटं उमटवून झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी पाट हलला तशी मी पाने घेऊन लिंबाखाली गेले. वरच्या चाकाचा लाल ठिपका खाचेच्या बरोबर समोर होता. खालचाही तसाच. माझ्या खुणा तसूभर हलल्या नव्हत्या, मला फार बरं वाटलं. पट्टा चढवला, ताण दिला, नट आवळले. मामा हाताची घडी घालून बाजेवर बसला होता. तोवर गजीतले गडी अंगरखे घालून, पागोटी बांधून जमायला लागले. तात्या ढोल घेऊन आले आणि व्हॅनच्या सावलीत टेकले. आईनं सगळ्यांना एकेक कडाकणी दिली. आबा नवं धोतर नेसून किल्ली बोटात फिरवत उभे होते. मी खालच्या चाकाला पाना लावला आणि फिरवायला लागले. थोडं फिरलं, आणि 'टक्' करून अडलं.

मी पुन्हा जागेवर आणलं, पुन्हा फिरवलं. तिथंच टक्. मामाकडं पाहिलं तर तो लिंबाच्या फांद्या मोजत असल्यासारखा वर बघत होता.

"झालं का गं?" आबांनी विचारलं.

"अडतंय."

"खुणा जुळल्यात न्हवं? मघाशी म्हणालीस जुळल्यात."

"जुळल्यात. तरी अडतंय."

"रातभर थंड पडलंय ते," तात्या म्हणाले. "सेल मारा, सुटंल."

"न्हायतर गिअरात टाका, आमी धक्का मारतो," कुणीतरी म्हणालं, आणि चार-पाच गडी अंगरख्याच्या बाह्या वर सारून व्हॅनच्या मागं गेलेसुद्धा.

मी उठले आणि व्हॅनच्या पुढं उभी राहिले. "न्हाय," मी म्हटलं. "सेल मारायचा न्हाय आन् धक्का बी मारायचा न्हाय." आवाज माझा मलाच मोठा वाटला. आमच्याकडं मुलींनी तात्यांसारख्या माणसापुढं असं बोलायची पद्धत नव्हती. तात्यांच्या तोंडातली कडाकणी तिथंच राहिली. मला रडूही येत होतं आणि रागही. मला दिसत होतं, की मी 'हो' म्हटलं तर इंजिन मोडणार आणि 'नाही' म्हटलं तर गाडी जाणार नाही, दोन्हीकडून डीएडच. पण आत लोखंडाला लोखंड भिडलेलं मी हातानं ऐकलं होतं, आणि ते मला कुणालाही मोडू द्यायचं नव्हतं.

"का गं बाई?" तात्यांनी घास गिळून शांतपणे विचारलं.

"तात्या, गजीत दोन गडी समोरासमोर येत्यात. एक पुढं आला का दुसरा मागं सरतो. एकाचं पाऊल चुकलं तर?"

"कपाळमोक्ष."

"मग आत तेच झालंय. आन् तुमी म्हणताय, ढोल जोरात वाजवा."

तात्या हसले. धक्का मारायला गेलेले गडी हळूच पुढं आले. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी किल्ली कनवटीला खोचली, धोतर सावरलं आणि व्हॅनमध्ये वाकून त्या ठिपक्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"ही तांबडी खूण कुणाची?"

"माझी. रंगाची हाय."

"रंगाची." आबा सरळ झाले. "रंगावर भरवसा ठेवू नये पोरी. मेंढरू चोरणारा आधी आपला रंग धुतो आन् वर त्याचा लावतो. बाजारात मेंढराची वळख पटवायची तर आमी पाठीकडं बघतच न्हवतो. कान चाचपायचो. कानाला खाच पाडलेली असायची, ती कुणाच्या बापाला पुसता येत न्हवती. हिला कानाला काय खाच-बिच हाय का न्हाय?"

होती की! तोच तर खळगा. मी पुन्हा वाकले आणि वरच्या लाल ठिपक्यावर नख फिरवलं. नख गुळगुळीत सरकलं. खाली खळगा नव्हताच. ठिपका अख्खाच्या अख्खा माझ्या नखावर आला. मी तो नाकाशी धरला. ऑइलपेंटचा वास नव्हता, गोडेतेलाचा होता. तेलात कालवलेलं कुंकू.

"आई!" मी ओरडले.

आई कडाकण्यांची पाटी घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"ह्या चाकाला तू कुंकू लावलंस?"

"मग? पुजा केली न्हवं." तिला प्रश्नच कळेना. "काळंकुट्ट झाल्तं सगळं. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, फिरवून फिरवून चांगलं लख्ख केलं. पाण्यातलं कुंकू लोखंडावर ठरंना, म्हणून तेलात कालवलं आन् वर मधोमध लावलं. खाली हात पोचंना, ते ऱ्हायलं."

वर मधोमध म्हणजे बरोबर खाचेसमोर. माझा ताजा रंग रॉकेलनं गेला होता, चाक तिच्या हातून फिरलं होतं, आणि जिथं सुबक दिसेल तिथं तिनं देवाचं कुंकू लावलं होतं. मी ते माझी खूण म्हणून मोठ्या समाधानानं जुळवून बसले होते. पहिल्यांदा मामा हसला. त्याला इतका वेळ गप्प बसल्याचं सगळं उसनं फेडायचं होतं, तो बाजेवरून खाली यायच्या बेताला आला. मग तात्या, मग सगळी गजी. आई पाटी कमरेवर घेऊन सगळ्यांकडं बघत होती. "हसताय काय? कुठं लावू नको ते आधी सांगायचं हुतं," ती म्हणाली, आणि खरं सांगते, तिचं काही चुकलं नव्हतं. आजही खंडेनवमीला ती माझ्या गॅरेजात येते. नजर अधू झालीय. पण कुठलंही चाक उघडं दिसलं की आधी त्याच्या कडेवरून नख फिरवते, खळगा सापडला की "हितं न्हाय लावत" म्हणते आणि चार बोटं सोडून कुंकू लावते.

नखानं चाचपत गेले तसा खरा खळगा सापडला. तो खाचेपासून बऱ्याच दात्यांवर, हळदीखाली दडला होता. पट्टा सैल केला, वरचं चाक फिरवून खळगा खाचेसमोर आणला, खालची खूणही नखानं तपासली आणि पट्टा पुन्हा चढवला. पाना लावला. कैताळवाल्यानं कैताळ पोटाशी धरून ठेवले होते. इंजिन फिरायला लागलं, मघाच्या जागेवर आलं आणि तिथून अलगद पुढं गेलं. पुरा फेरा झाला, त्यावर आणखी एक झाला, आणि दोन्ही खळगे आपापल्या खाचांसमोर येऊन उभे राहिले. मी आबांना म्हटलं, "मारा सेल."

आबांनी सेल मारला आणि व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली. तात्यांनी बसल्या जागी ढोलावर टिपरी टाकली. कुणीतरी मला शाबासकी द्यायला पाठीवर थाप मारली, मीही उलट आनंदानं त्याचा हात धरला, आणि त्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर माझ्या पंजाचा काळा ठसा उमटला. तो गडी तसाच नाचला. बारामतीत लोकांनी त्याला विचारलं म्हणे, ही काय नवी रीत आहे का.

निघताना सगळे मागं कोंबून बसले. तात्यांच्या मांडीवर ढोल, मामाच्या मांडीवर कैताळवाला. मीही मागं चढायला गेले तर आबा म्हणाले, "तू पुढं बस." मी म्हटलं, पुढं तात्यांना बसू द्या, पाहुण्याची जागा आहे ती. "बस म्हणतो न्हवं," ते म्हणाले, "आत काय वाजलं-बिजलं तर तुलाच कळणार हाय." मी बसले. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे डोलत होते, मागं ढोल हळूहळू घुमायला लागला होता, आणि मी त्या सगळ्या गलक्यातून खालच्या पट्ट्याचा आवाज तेवढा ऐकत होते. तो एकसारखा येत होता. आबा आयटीआयबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलंही नाही, मला भीती वाटत होती.

पिंपळी गाव मागं पडलं आणि बारामतीची घरं दिसायला लागली, तेव्हा आबांनी आरशातून मामाकडं पाहिलं. "दिगू," ते म्हणाले, "ती आयटीआय सकाळची असती का दुपारची?"

"सकाळची. का वं दाजी?"

"काय न्हाय. पुढच्या सालापासनं पहिली फेरी त्या टायमाला धरावी लागंल."

मी खिडकीबाहेर तोंड केलं. बूड चांगलंच पोळत होतं, पण मी जागची हलले नाही.